भुशाखालची नदी

कॅनडात, मिसिसागातल्या ऑफिसात इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईने मला विचारलं होतं, "छोट्या होडीत काम करायची सवय आहे का?" मी "आहे" एवढंच म्हणाले. माझा जन्म विदर्भातल्या एका नदीकाठी भोयांच्या घरात झाला, आणि पायावर उभी राहायच्या आधी मी बाबांच्या डोंग्यात बसलेली होते, हे त्या काचेच्या खोलीत सांगावंसं वाटलं नाही. नोकरी मिळाली. नद्या दुरुस्त करायची कामं घेणारी कंपनी होती. त्याआधी मी नागपूरला झूलॉजी शिकले होते, मग इथल्या कॉलेजात एक कोर्स केला, ब्रॅम्पटनच्या एका बेसमेंटमध्ये चौघीजणी राहिलो, वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली. नोकरीचं कळल्यावर गावाहून भावाचा फोन आला. "म्हणजे ताई, मासोळ्या मोजाले तू एवढ्या दूर गेली?" तो हसत होता. मागून बाबा म्हणाले, "मोजू दे. पकडत तं नाई ना ती."

दरवर्षी एप्रिलपासून जुलैपर्यंत मला पूर्वेकडे जावं लागायचं, अटलांटिकच्या बाजूला. गाडीने दोन दिवस. तिथली नदी समुद्राला मिळते त्या तोंडापासून कितीतरी मैल आत भरती चढते, आणि जिथे खारं पाणी थांबतं त्याच्या थोडं वर आमचं काम होतं. काम स्टर्जन नावाच्या माशासाठी. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत येतो. दोन माणसांएवढा लांब होतो, पाठीवर हाडांच्या ढालींची रांग, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडापुढे चार मिशा. मादी पहिल्यांदा अंडी घालायला येते तीच वीस-पंचवीस वर्षांची होऊन, आणि नंतरही दरवर्षी येत नाही. तिला वाहत्या पाण्याखाली स्वच्छ दगड लागतात. अंडी चिकट असतात, ती दगडांना धरून राहतात.

आमच्या नदीत दगड होते, पण भुशाखाली. वरच्या बाजूला एकेकाळी लाकडाची गिरणी होती, तिचं छोटं धरण होतं. गिरणीने कित्येक पिढ्या लाकडाचा भुसा नदीत सोडला आणि तो तळाशी बसत गेला. मी आले तेव्हा गिरणीची एकच भिंत उरली होती आणि धरण काढून टाकलेलं होतं, पण भुसा तसाच होता. काही ठिकाणी पुरुषभर.

आम्ही होडीत तिघं असायचो. आमची टीम लीड, माझ्याच वयाची, कामाला कडक आणि मनाने बरी. मी नोंदी ठेवायची. आणि होडी चालवायला तिथलेच एक म्हातारे गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, पूर्वी याच नदीत जाळी टाकणारे. बोलताना मधेच फ्रेंच शब्द घालायचे. भरतीचं पाणी कुठल्या वळणावर कसं फिरतं हे त्यांना कागदाशिवाय ठाऊक होतं. पाण्याखालचा कॅमेरा खाली सोडला की लीड आणि मी स्क्रीनवर वाकायचो. ते कधीच वाकले नाहीत. पाठ करून बसायचे.

पहिल्या वर्षी तराफ्यावर यंत्र आणून भुसा काढायला घेतला. पहिलं बकेट वर आलं तेव्हा मी नाक मुरडून तयार होते, सडका वास येणार म्हणून. आला ताज्या पाइनचा. आत्ताच करवत फिरवल्यासारखा. शंभर वर्षांपूर्वी कापलेल्या झाडांचा वास सकाळच्या हवेत पसरला. लीड म्हणाली, "खाली ऑक्सिजन नाही ना, त्यामुळे कुजत नाही." म्हाताऱ्यांनी होडी वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेली.

"मेलेल्याला असा ताजा वास येऊ नये," ते म्हणाले.

यंत्र थांबल्यावरही तळातून बुडबुडे येत राहायचे, एकेका जागेवरून, कुणी खाली बसून श्वास सोडत असल्यासारखे. तो भुशात अडकलेला वायू आहे हे मला माहीत होतं. तरी जेवायला होडी बांधायची वेळ आली की मी बुडबुडे नसलेली जागा दाखवायचे, आणि म्हातारे काही न विचारता तिथे बांधायचे.

त्या वर्षी जुलैनंतरही थांबावं लागलं. ऑक्टोबरपर्यंत तळ मोकळा झाला, आणि त्यावर नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे दगड टाकले. मी मिसिसागाला परतले.

जानेवारीत बाबा गेले. माझं वर्क पर्मिट रिन्यूसाठी अडकलेलं होतं, देशाबाहेर पडले तर परत कामावर येता येईल याची खात्री नव्हती. भाऊ म्हणाला, "नको येऊस ताई. बाबाबी नकोच म्हणले असते." ते खरंच तसं म्हणाले होते का, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. बाबांची इच्छा म्हणून अस्थी त्या पाण्यात, गावाच्या वरच सोडल्या. भावाने व्हिडिओ कॉल लावला होता. त्याचा हात पाण्याकडे वळला आणि स्क्रीनवर नुसतं मातकट पाणी राहिलं. मग आवाज गेला. मी माझ्या खोलीत त्या मातकट पाण्याकडे बघत बसले, आणि खिडकीखाली शेजारी त्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होता, त्याचा खर्रखर्र आवाज तेवढा येत राहिला. भावाचा चेहरा परत दिसला तेव्हा सगळं झालं होतं.

दुसऱ्या वर्षी दगडांवर चटया टाकल्या. चटई म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्याला घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या फिल्टरचं खरखरीत कापड गुंडाळायचं आणि दोरीने तळाशी सोडायचं. मासा आला असेल तर एखादं अंडं त्याला चिकटतं. दर दोन दिवसांनी चटया वर घेऊन मी कापडाचा बोट-बोट भाग तपासायची. शेवाळ, अळ्या, काटक्या. अंडं एकही नाही.

पण काहीतरी येत होतं. त्या जूनमध्ये तीन वेळा आमच्या पाठीमागे पाण्यावर काहीतरी जड आपटलं, दार धाडकन लागावं तसं. वळून बघितलं की नुसती वर्तुळं. स्टर्जन असे उसळी मारतात, का ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. लीड खूश व्हायची. "येतायत म्हणजे. चांगलं लक्षण आहे." म्हातारे मान वळवायचे नाहीत. त्यांचे हात मात्र सुकाणूवर घट्ट व्हायचे, नखं पांढरी पडेपर्यंत.

एकदा कॅमेऱ्याच्या चित्रात कडेने एक सावली सरकली. लांब, सावकाश. मी ते रेकॉर्डिंग खोलीवर नेऊन पुढे-मागे करून पाहिलं. दगड, दगड, गढूळ पाणी. सावली सापडली नाही. मग मलाही स्क्रीनकडे बघताना मान आखडल्यासारखी व्हायला लागली.

एका सकाळी दाट धुकं होतं. लीड किनाऱ्यावर फोनवर बोलत होती. आम्ही दोघं होडीत, पाणी थांबायची वाट बघत होतो. भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मधे पाणी थोडा वेळ हलत नाही, तेव्हा चटया काढायला सोपं पडतं. धुक्यातून पलीकडे कुणीतरी खोकलं. दोनदा, मग थांबून एकदा. बाबा विडी पेटवताना असेच खोकायचे.

"पलीकडे कुणी राहतं का?" मी विचारलं.

"पलीकडे काठच नाही. वाळूचा उंचवटा आहे, भरतीत बुडतो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू काय ऐकलंस?"

मी सांगितलं. बाबा हिवाळ्यात गेले तेही सांगितलं. त्यांनी सॉरी वगैरे म्हटलं नाही. जॅकेटच्या बाह्यांत हात ओढून घेतले आणि स्वतःचं सांगायला लागले.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा परवाना होता, स्टर्जन पकडण्यात गैर काही नव्हतं. जूनमध्ये ते एकटेच जाळं बघायला गेले होते. जाळ्यात मादी होती, त्यांच्या होडीपेक्षा हातभरच आखूड. होडीत घेणं शक्य नव्हतं. त्यांनी तिच्या शेपटीला दोरी बांधली आणि होडीमागे ओढत धक्क्याकडे निघाले. दोन तास लागले.

"ती सगळा वेळ जिवंत होती," ते म्हणाले. "झगडली नाही. मागून पोहत आली, कुत्रं येतं तशी. मी वळून बघितलं की तिचा डोळा दिसायचा."

धक्क्यावर पोट फाडलं. अंड्यांनी टब भरले. मग त्यांनी काळीज काढून फळीवर ठेवलं, आणि ते फळीवर धडधडत राहिलं. बायको जेवायला बोलवायला आली तेव्हाही धडधडत होतं. ते जेवून परत आले, तेव्हाही.

"त्यानंतर एवढी मोठी कधी आली नाही. कुणाच्याच जाळ्यात नाही. मी शेवटची नेली."

मी म्हटलं की एका माशाने असं होत नाही. गिरणी होती, धरण होतं, भुसा होता, डझनभर लोकांची जाळी होती. लीडने त्यांना हेच अनेकदा सांगितलं असणार, कारण ते माझ्या आधीच मान हलवायला लागले होते.

"ते सगळं खरं. पण तिची दोरी माझ्या हातात होती."

धुकं विरळ झालं. उंचवटा दिसला. त्यावर काही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला जाळं टाकायची परवानगी मिळाली. मासा पकडायचा, पाण्यातच झोळीत धरायचा, लांबी मोजायची, पराचा, म्हणजे फिनचा, छोटा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा, टॅग लावायचा आणि सोडायचा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन नर मिळाले, मध्यम आकाराचे. काम नीट झालं. म्हाताऱ्यांनी होडी स्थिर धरली आणि आकाशाकडे बघत राहिले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी जाळ्याचे तरंगते गोळे एका जागी हळूहळू खाली गेले. धक्का नाही, ओढाताण नाही. लीड कुजबुजली, "मोठी आहे." जाळं उचललं तशी आधी ढालींची रांग दिसली, मग ती संपेचना. पोट फुगलेलं होतं. आम्ही तिला झोळीत घेतलं, झोळी दोरीने होडीच्या कडेला बांधली. लीडने टेप काढला. माझं काम डोकं धरायचं होतं, म्हणून मी कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. तिच्या तोंडाची नळी बाहेर येऊन माझ्या तळहातावर पाणी सोडत होती. मिशा मनगटाला लागल्या. अगदी मऊ होत्या. डोळा छोटा, सोनेरी, माझ्याकडे बघत होता की कुठेच बघत नव्हता ते कळत नव्हतं.

तेवढ्यात पायाखाली काहीतरी जाणवलं. होडीच्या तळाच्या पत्र्यातून, बोटांतून गुडघ्यांपर्यंत. ठक. ठक. खोल आणि संथ. मी वर बघितलं. म्हातारे उभे राहिले होते.

"ऐकलंस?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"काय?" लीड म्हणाली. तिने काहीच ऐकलं नव्हतं.

म्हातारे खाली वाकले. मला वाटलं ते पहिल्यांदा मासा बघायला येतायत. त्यांनी कमरेची सुरी काढली आणि झोळीची दोरी कापली. आधी शेपटीकडची, मग माझ्या बाजूची. मला त्यांचा हात धरता आला असता. मी माशाचं डोकं धरलेलं होतं, तेच धरून राहिले, आणि मग तेही सोडलं. झोळी उलगडली. ती क्षणभर तिथेच थांबली, बांधलेलीच असल्यासारखी. मग खाली गेली.

"हे काय केलंत तुम्ही?" लीड म्हणाली. तीन वर्षांचं काम होतं. लांबी नाही, तुकडा नाही, टॅग नाही.

"दोरी बांधून मी तिला परत नेणार नाही," ते म्हणाले, आणि सुरी पुसून म्यानात ठेवली.

किनाऱ्यावर आल्यावर लीड मला बाजूला घेऊन गेली. तिचा राग उतरला होता. "तू लिही की मासा झोळीतून निसटला. होतं असं. त्यांनी कापली म्हणून लिहिलंस तर सेफ्टीवाले त्यांना पुन्हा होडीवर घेणार नाहीत."

ती त्यांच्या भल्याचंच सांगत होती. मी रात्रीपर्यंत थांबले नाही, गाडीत बसूनच लॅपटॉप उघडला. 'निसटला' लिहिलं. आणि पुढे हात चालेना.

आमच्या गावच्या सरकारी कागदावर एक शब्द होता. गाव बुडायच्या आधी शेवटची घरं उठवली तेव्हा पाणी अंगणात आलं होतं, माझी आत्या चूल सोडून हलत नव्हती, तिला दोघींनी धरून ट्रॅक्टरमध्ये बसवलं. मी सहा वर्षांची होते. कागदावर लिहिलं होतं, 'स्वेच्छेने स्थलांतरित'. बाबांना अक्षरओळख जेमतेम, पण तो शब्द त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला होता आणि पाठ केला होता. नव्या वसाहतीत पाणी आलं नाही, की "स्वेच्छेने." जाळं खुंटीवर तसंच वाळलं, की "स्वेच्छेने." चेष्टा करतायत की रडतायत हे आम्हाला कधी कळलं नाही. लिहिणाऱ्या माणसाला कदाचित तो शब्द सोयीचा वाटला असेल. कदाचित कुणाचं भलंही करायचं असेल त्याला. मला माहीत नाही.

मी 'निसटला' पुसलं आणि लिहिलं: नाव चालवणाऱ्याने मोजणीपूर्वी दोरी कापून मादी मासा सोडला. वेळ, पाण्याचं तापमान. खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी राहायला सांगण्यात आलं. उरलेला जून एक दुसरा माणूस होडी चालवत होता. तो शिट्टी वाजवायचा.

त्यानंतर आठेक दिवसांनी एका चटईच्या कापडात मला काळपट दाणे दिसले. मोहरीपेक्षा मोठे, कापडाला घट्ट धरलेले. सतरा. लीडने मला मिठी मारली. जुलैच्या सुरुवातीला बारीक जाळीत तीन पिल्लं मिळाली, नखाएवढी, अजून पोटाला पिवळी पिशवी असलेली. आम्ही टाकलेल्या दगडांवर कुणीतरी अंडी घातली होती. त्याच मादीने की दुसऱ्या एखादीने, हे सांगता येणार नव्हतं, कारण तुकडा घ्यायचा राहिला होता.

मी त्यांच्या घरी सांगायला गेले. ते पायरीवर बसले होते. माझ्याकडे त्यांनी रागाने बघितलं नाही.

"तिची?" त्यांनी विचारलं.

"ते कळायला मार्ग नाही."

"फोटो असेल तर दाखवू नकोस," म्हणाले.

नंतरच्या वर्षी आम्ही होडी घेऊन निघालो की ते पुलावर उभे असायचे. मी हात हलवायची. ते हलवायचे नाहीत. त्या वर्षी अंडी मिळाली नाहीत. त्यात नवल नाही, लीड म्हणाली, मादी दरवर्षी थोडीच येते. माझं पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, आलं. मी गावी जाऊन आले. परतल्यावर ऑफिसातली कामं वाढली, तरी जूनमध्ये मी पूर्वेला जायचं सोडलं नाही.

या वर्षी ते पुलावर दिसले नाहीत. एका दुपारी मी घरी गेले. बायकोने दार उघडलं. तिने हळू आवाजात सांगितलं, की हिवाळ्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. सकाळी उठले की बूट घालतात. त्या मादीला सोडून यायचंय म्हणतात, ती अजून धक्क्याला बांधलेली आहे, ओहोटी लागायच्या आत गेलं पाहिजे. बायकोने कितीही सांगितलं तरी पटत नाही.

ते आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते, बूट घालून. मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

"सोडलंत तुम्ही तिला," मी म्हटलं. "मी तिथेच होते. दोरी तुम्ही कापली."

त्यांनी हात उलटे-सुलटे करून पाहिले. "मी नाही. मी तर ओढत आणली."

मी फोनवर ती नोंद काढली आणि वाचून दाखवली. तारीख, वेळ, तापमान, दोरी कापून सोडला. ते कान देऊन ऐकत होते. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचली.

"कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"तू बघितलंस?"

"डोकं माझ्या हातात होतं."

त्यांनी वाकून एका बुटाची नाडी सोडली. दुसऱ्याची तशीच राहू दिली.

निघताना बायकोने त्या पानाची प्रिंट मागितली. मोटेलच्या ऑफिसातून काढून मी तिला नेऊन दिली. ती म्हणते, सकाळी चहाबरोबर ती त्यांना ते वाचून दाखवते. काही दिवशी त्यांना पटतं आणि ते बूट काढून ठेवतात. काही दिवशी ते म्हणतात, कागदावर कुणी काहीही लिहितं, आणि दाराची कडी शोधायला लागतात.